पुजारिणीच्या झोळीतला पाव

१

रविवारी जेवणे आटोपल्यावर टेंभऱ्यांच्या मधल्या खोलीत संगणक सुरू झाला आणि सुमित्रा मेलेली निघाली.

खऱ्या सुमित्राबाई तेव्हा दाराजवळ पाटावर बसून लसूण सोलत होत्या. मेली ती पडद्यावरची. शेकोटीभोवती एरवी चौघांची चित्रे असायची. तिघे जागच्या जागी होते, चौथ्या जागी राखाडी कवटी होती, आणि कवटीखाली आईचे नाव इंग्रजी अक्षरांत तसेच होते.

"हे काय करून ठेवलं बे?" चंद्रकुमार म्हणाला.

"मी? मी तं आत्ता तुझ्यासंगच येऊन बसलो," भूपेंद्र म्हणाला.

खेळाचे नाव 'अ‍ॅशमूर'. दोघे भाऊ कॉलेजात असताना गोंदियाच्या बाजारातून त्याची सीडी घेऊन आले होते. गोष्ट अशी, की अ‍ॅशमूरच्या राजाचा मुलगा मरायला टेकतो. डोंगरातला ड्रॅगन त्याला वाचवतो आणि बदल्यात राजाकडून पहाट मागून घेतो. त्या दिवसापासून राज्यात उजाडतच नाही. मग चार प्रवासी एक कंदील घेऊन पहाट परत मागायला निघतात. तलवारवाला योद्धा चंद्रकुमारचा. कुलपे उघडणारा चोर भूपेंद्रचा. जादूगार आता चंद्रकुमारच्या मुलीकडे, खुशीकडे आला होता. चौथी पुजारीण. जखमा ती भरते, आणि कंदील फक्त तिच्याच हातात जळतो. ती कुणा एकाची नव्हती, म्हणून पोरांनी तिला आईचे नाव दिले होते.

हा प्रवास पहिल्यांदा भूपेंद्रच्या परीक्षेने थांबला, मग चंद्रकुमारच्या लग्नाने, मग वडिलांच्या आजारपणाने. वडील गेल्यावर फुलचूरच्या या घरात दोन चुली झाल्या. मधली खोली तेवढी कुणाच्या वाट्याला गेली नाही. जुना संगणक तिथे मांडला गेला आणि दर रविवारी दोघे भाऊ दोन खुर्च्या जोडून बसू लागले. आठवडाभर एकमेकांशी कामापुरते बोलणारी ही माणसे तिथे मात्र वेताळांच्या पुलावरून तासन्‌तास भांडत, हसत, एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत. यंदा ते ड्रॅगनच्या डोंगराच्या पायथ्याशी पोचले होते.

आणि आता सगळे संपले होते. खेळ एकाच जागी जतन व्हायचा, मागे जायची सोय नव्हती. मेलेल्याला उठवायची विद्या एकट्या पुजारिणीला येत होती.

"दलदलीतून जाऊ म्हणून तूच मागं लागला होता," चंद्रकुमार म्हणाला. "मी नाई म्हटलं, तं गुपचूप येऊन एकटाच खेळला."

"आन्‌ तुले किल्ल्यावरून जायचं होतं. तूच कशावरून नाई खेळला?"

"आईच्या नावाची होती रे ते."

"मंग मले कायले सांगून राहिला? माझी आई नोहे का?"

शब्दाला शब्द लागला. दलदलीवरून बोअरच्या मोटरीवर, मोटरीवरून वडिलांच्या आजारपणात कोण किती जागले यावर. सुमित्राबाईंनी लसणाची परडी उचलली आणि त्या आत निघून गेल्या. शेवटी चंद्रकुमार उठला.

"पोळा झाला का रविवारी दुर्गेश मिस्त्रीले बोलावतो. या खोलीच्या मधातून भिंत घालतो. तुझं तिकडं, माझं इकडं."

चंद्रकुमारचे बांधकाम साहित्याचे दुकान होते. सोमवारी सकाळी अंगणात विटा उतरल्या.

२

भूपेंद्रच्या बायकोने, अंजूने, अ‍ॅशमूर कधी खेळला नव्हता. ती गोरेगावच्या एका ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची; परत येताना एसटीच्या खिडकीतून विटांचा तो लाल ढीग तिला दिसला. रविवारी त्या खोलीतून येणारे दोन भावांचे हसणे तिला स्वैपाकघरात ऐकू यायचे. घरात ऐकण्यासारखे तेवढेच उरले होते.

सगळे 'कोणी' असे विचारत होते. 'कशाने' असे कुणी विचारलेच नाही, हे तिच्या लक्षात आले. ती खुशीला घेऊन संगणकापुढे बसली.

"लढाईत मेली असेल?"

"नाई काकू. लढाई झाली असती तं बाकीच्यायलेबी लागलं असतं. हे पहा, तिघंही ठणठणीत आहेत."

"मग?"

"तेच तं. आन्‌ पायथ्याशी कोणी राक्षसबी नाई येत."

"हा खेळ बंद कसा करतात?"

"या तंबूवर क्लिक करायचं. मंग चौघंही आपापल्या झोळीतलं जेवतात, झोपतात, आन्‌ गेम सेव्ह होऊन बंद होते. पप्पा तं म्हणतात, चला, जेवा आन्‌ झोपा."

"म्हणजे बंद करताना रोज जेवण होतं." अंजू थोडी पुढे सरकली. "तिची झोळी दाखव."

खुशीने पुजारिणीची झोळी उघडली. तिथे मध होता, रानातली बोरे होती, कसलीतरी मुळे होती आणि तांबड्या अळंब्या होत्या. पाव नव्हता. चीज नव्हते. जवाचे पीठ आणि मसूर, काही नव्हते.

"काकू, त्याच्या आधीच्या रविवारी झोळी भरून होती. मीच भरली होती."

शोधायला वेळ लागला नाही. पाव, पीठ आणि मसूर योद्ध्याच्या आणि चोराच्या झोळीत होते, अगदी निम्मेनिम्मे. चीजही दोघांत सारखे वाटलेले होते.

"आणि या अळंब्या?"

"त्या खायच्या नाईत. जादूगार त्याचा काढा करते. कच्च्या खाल्ल्या तं विष." खुशीचा आवाज खाली आला. "पाव असला तं माणूस पाव खाते. नसला तं झोळीत जे जड असंल ते. काकू, कोणीतरी तिचं खाणं काढून घेतलं आन्‌ तंबूवर क्लिक केलं. हा तं मर्डर हाय."

"इथे येतं कोण कोण? रविवार सोडून?"

"मी येते. मम्मी झाडू मारते. आजी दुपारी पत्ते खेळते, ते एकटीनं खेळायचे असतात ते. काका कधी प्रश्नपत्रिका टाईप करतात." तिने झोळी बंद केली. "पप्पायचं मले माहीत नाई."

अंजूने माउस उचलून उजेडात धरला. डाव्या बटणावर पांढरा डाग वाळून बसला होता. बोटाच्या पेराएवढा.

३

"चुना," भूपेंद्र म्हणाला. त्याने डाग एकदाच पाहिला. "गोंदियात चुन्याची पोती कोणाच्या दुकानात आहेत, सांगू का तुले?"

"थांबा जरा."

"काय थांबा? घरच्या घरात पुरावा सापडला ना. जाऊन दाखवतोच त्याले."

"दाखवा. आधी मला एक लिंबू आणून द्या."

तो लिंबू घेऊन आला, पण चेहरा असा करून, की बायकोला या वेळी सरबत सुचते तरी कसे. अंजूने नखाने डागाची थोडी भुकटी बशीत खरवडली. दुसऱ्या बशीत तिने चुन्याच्या भिंतीच्या पोपड्याची भुकटी घेतली. दोन्हींवर रस पिळला. पोपड्यावर बारीक बुडबुडे आले. डागाची भुकटी नुसती भिजून चिकट झाली.

"वाळलेला चुना असता तर फसफसला असता. ही माती आहे."

"पांढरी माती? कोणाच्या हातची?"

"तेच मी विचार करतेय."

भूपेंद्र दोन्ही बश्यांवर वाकला. मग हळूच म्हणाला, "म्हंजे दादा नोहे?"

त्याच्या आवाजात निराशा नव्हती, हे अंजूने मनाशी नोंदवून ठेवले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून परतताना ती दुकानावर उतरली. चंद्रकुमार गल्ल्यामागे बसला होता. तिला पाहून त्याने पोऱ्याला पाणी आणायला पाठवले आणि नजर दुसरीकडे वळवली.

"भाऊजी, एक विचारू? तुमच्या योद्ध्याच्या झोळीत पुजारिणीचा पाव आहे."

"असंल. मी नाई ठेवला."

"अर्धा आहे. उरलेला अर्धा चोराकडे आहे."

चंद्रकुमारने मान वर केली. "चोराकडं? त्याच्या झोळीत मी कायले टाकीन पाव? त्यानं माझ्या वाटची ढाल इकून खाल्ली होती वेताळाच्या पुलावर." क्षणभर त्याला ते आठवून हसू आले असावे, पण त्याने ते गिळले. "सुनबाई, खरं सांगतो. लहानपणी आई शाळेच्या डब्यात पोळ्या मोजून देऊन राहायची. त्याले जेवढ्या, मले तेवढ्या. मी त्याच्या डब्यातली एक चोरायचो. तो माझ्यातली. आम्ही निम्मंनिम्मं कधी केलंच नाई."

"भिंत घालायचीच आहे का?"

"तोंडातून निघून गेलं ना आता. विटा पाहून शेजारचेबी विचारून राहिले."

एसटीत बसल्यावर अंजूला ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागले. आम्ही निम्मंनिम्मं कधी केलंच नाई. चंद्रकुमारने चोरी केली असती तर सगळा पाव योद्ध्याकडे गेला असता. भूपेंद्रने केली असती तर चोराकडे. खुशीने घेतला असता तर जादूगाराकडे, आणि जादूगाराच्या झोळीला तर कुणी हातही लावला नव्हता. ज्याने हे केले त्याला दोघे भाऊ सारखे होते.

पण त्याने पुजारिणीला विष का घालावे?

४

प्रेमिला, चंद्रकुमारची बायको, मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. दोन चुली झाल्यापासून दोघी जावा पडवीत मात्र मोकळेपणाने बसत. धोरणाने नव्हे, तिथे वारा येतो म्हणून.

"मी मारली असं म्हणतेस का तू?" प्रेमिलाने सरळच विचारले.

"मी कुठं काही म्हटलं?"

"नाई म्हटलं तरी चालते. रविवारचा दिवस पुरा त्या डब्ब्यापुढं घालवतात, तं राग येते मले. येते ना. पण मी आईच्या नावाच्या बाईले कायले मारू? खरीनं इतके वर्षं मले काई केलं नाई, खोटी काय करंल."

अंजू हसली. मग तिचे लक्ष सुपाकडे गेले. तांदळाचे दाणे आखूड होते, तांबूस, घरच्या कोणत्याच धानाचे नव्हते.

"हा कुठला तांदूळ?"

"पसहर. आईच्या उपासाचा उरला. सोन्याच्या भावानं मिळते, म्हणून निवडून ठेवून राहिली."

"कुठला उपास?"

"घ्या. तू त्या दिवशी कॉलेजले होतीस. हलछठ नव्हती का मागच्या गुरुवारी? आईचं माहेर डोंगरगडकडचं, तिकडं पोरांच्या आयुष्यासाठी करतात. आपल्या इकडं कोणी करत नाई. पण आई एक वर्ष चुकत नाईत."

अंजूला मूल नव्हते. त्या उपासाला तिला कुणी कधी बोलावले नव्हते आणि तिने कधी विचारले नव्हते. तिने आता विचारले.

"त्या दिवशी हाच तांदूळ का?"

"हा तळ्याकाठी आपोआप उगवते. त्या दिवशी नांगरलेल्या जमिनीतलं काईच खायचं नाई. गहू नाई, डाळ नाई, आपलं धान नाई. गाईचं दूधबी नाई, म्हशीचंच चालते. आन्‌ संध्याकाळी पोरांच्या पाठीवर..."

"पाठीवर काय?"

"छुहीत कापड बुडवून पोता मारतात. आशीर्वाद असते तो. माझ्या घरवाल्याचा शर्ट खराब झाला, धुता धुता जीव गेला."

"छुही म्हणजे?"

"पांढरी माती वो."

अंजू उठून उभी राहिली. प्रेमिलाने विचारले, काऊन, काय झालं. अंजू मनात एकेक जिन्नस मोजत होती. पाव गव्हाचा. पीठ जवाचे. मसूर शेतातला. चीजच्या चकतीवर खेळवाल्यांनी एक लहानशी गाय काढली होती. आणि झोळीत काय उरले होते? मध, बोरे, मुळे, अळंब्या. ज्यांना नांगर लागत नाही ते सगळे.

५

सुमित्राबाई त्यांच्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या. अंजूने दार लोटून घेतले.

"आई, हलछठीच्या दिवशी तुम्ही संगणकावर बसला होता?"

"बसली ना." त्यांनी लपवायचा प्रयत्नही केला नाही. "छुही कालवून ठेवली आन्‌ तशाच हातानं पत्ते खेळाले गेली. बाजूले तो पोरांचा खेळ दिसला, तं उघडून पाहिला. दर रविवारी मागं बसून पाहतच राहते मी. माहाच फोटो हाय त्यात."

"आणि झोळी?"

"झोळीत पाव होता. आता तूच सांग, इकडं मी उपाशी, आन्‌ तिकडं माह्या नावाची बाई पाव खाऊन राहिली. गाईचं खाऊन राहिली. बरं दिसते का? मंग पत्ते सरकवतात तसं सरकवलं. मोठ्याले अर्धं दिलं, लहान्याले अर्धं. उपासाचं तेवढं ठेवलं."

"अळंब्या ठेवल्या."

"सात्या? त्या तं पाणी पडलं का आपोआप निघते. कोणी नांगरते का त्यायले?" त्या अंजूकडे पाहू लागल्या. "मंग तंबू दाबला. हे लोकं तसंच बंद करतात. काऊन विचारून राहिली?"

अंजूला वाटले होते, सोडवलेले कोडे सांगताना बरे वाटेल. तिने खाटेवर जागा करून घेतली आणि सासूचा हात हातात घेतला. खेळातल्या तांबड्या सात्या विषारी असतात. पाव नसल्यामुळे पुजारिणीने रात्री त्याच खाल्ल्या. तिने हे सगळे शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितले.

सुमित्राबाईंनी हात सोडवून घेतला आणि डोळ्यांपुढे धरला.

"म्हंजे माह्या हातानं."

"तुम्हाला माहीत नव्हतं, आई."

"पोरांच्या आयुष्यासाठी करते मी ते. आन्‌ त्याच दिवशी असं झालं. उपास मोडला का माहा?"

हीच भीती अंजूला होती. भिंतीपेक्षा ही मोठी होती. तिने घाईने काही सांगितले नाही. खोटा दिलासा या बाईला चालला नसता.

"मोडला नाही," ती म्हणाली. "तिने पाळला. पाव दोन हातांवर होता, मुलांच्या झोळीत. मागितला असता तर मिळाला असता. तिने तो घेतला नाही."

सुमित्राबाईंनी पदराने डोळे पुसले, मग नाकही. "मंग ते दोघं कायले भांडून राहिले?"

"तुम्हाला कोणी मारलं, यावरून."

"आन्‌ मले कोणीच इचारलं नाई?"

६

रविवारी सकाळी सगळे मधल्या खोलीत होते; सुमित्राबाईंनीच बोलावले होते. भाऊ दोन भिंतींना टेकून उभे. अंजूने ओळीने सांगितले: लढाई का नव्हती, डाग चुन्याचा का नव्हता, पाव निम्मा का वाटला गेला. झोळीत उरलेल्या जिनसांवर ती आली तेव्हा प्रेमिलाने तोंडावर हात ठेवला. चंद्रकुमार सावकाश खुर्चीवर बसला.

"आई, तू?" भूपेंद्र म्हणाला.

"हो, मी. तुमच्या त्या सात्या कशा आहेत ते मले कोणी सांगितलं होतं का? एवढे वर्षं मागं बसून राहते, तं एकानं तरी म्हटलं का, ये आई, तूबी खेळ?"

सुमित्राबाईंनी पडद्यावरच्या कवटीकडे बोट केले.

"मेली ते मेली. मी तं हाय ना इथं. जिवंत बाई समोर बसली, आन्‌ तुम्ही तिच्या फोटोसाठी भिंत घालून राहिले. पोता काय भिंत घालाले मारला होता मीनं?"

चंद्रकुमार खाली मान घालून माउसशी चाळा करत होता. मग त्याने कवटीचे चित्र बंद केले. पडद्यावर नवा खेळ सुरू करायची पाटी आली. त्याने योद्धा निवडला. हात थांबला.

"आता चोर कोण होईल?" तो पडद्याकडेच पाहत म्हणाला.

भूपेंद्र भिंतीपासून निघाला. "तूच हो. ढाल मी विकली म्हणून किती वर्षं बोलशील?"

"मरेपर्यंत बोलीन. सरक, आईले बसू दे मधात."

"तूच सरक. धिप्पाड तू हायेस."

तिसरी खुर्ची आली. माउस सुमित्राबाईंच्या हाताखाली गेला. खुशी मागून वाकून सांगू लागली, आजी, आधी नाव टाकायचं. सुमित्राबाई म्हणाल्या, नाव माहंच राहू दे, पण झोळी मी भरीन, आन्‌ काय खाल्लं तं मरते ते आधी सांगा. मग तिन्ही डोकी पडद्यावर झुकली. अ‍ॅशमूरच्या अंधारात राजवाड्याचे दार उघडले आणि म्हातारा राजा पुन्हा पहिल्यापासून आपली गोष्ट सांगू लागला. मुलाचा ताप, ड्रॅगनची अट, विकलेली पहाट.

"बापानं चांगलंच केलं," सुमित्राबाई म्हणाल्या. "मीबी देली असती."

अंगणात मोटारसायकल थांबली. दुर्गेश मिस्त्री ओळंबा आणि थापी घेऊन दारात आला. "भैया, भिंत कहाँ से उठाना है? निशान लगा दूँ?"

"थांब ना बे," चंद्रकुमार मान न वळवता म्हणाला. "पाहून नाई राहिला का? इथं राजा बोलून राहिला."

दुर्गेश थांबला. थोड्या वेळाने त्याने थापी उंबऱ्यावर ठेवली, दोन पावले आत आला आणि भूपेंद्रच्या खुर्चीमागे उभा राहून विचारू लागला, त्या राजाला झाले तरी काय.